छायाचित्राचे ऋण

एखाद्या मनुष्याचे रूप त्याच्या अनुमतीवाचून, अथवा नाममात्र अनुमतीने, यंत्रात टिपून घेणे हा दोष आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्याचे चित्र घेतले त्याचे धान्य गेले नाही, पैसा गेला नाही, अंगावर ओरखडाही उठला नाही. मग दोष तो कसला, असे पुष्कळ सज्जन विचारतात. परंतु चोरीमारीचा निवाडा करावयास फारसा विवेक लागत नाही. जेथे हानी डोळ्यांना दिसत नाही तेथेच विवेकाची खरी कसोटी लागते. म्हणून या लहान दिसणाऱ्या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करावा, असे मनात आले.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. हैदराबादेहून श्रीशैलास जाणारा रस्ता मन्ननूर मागे पडताच नल्लमलाच्या अरण्यात शिरतो. ज्या मल्लिकार्जुनाच्या दर्शनास १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज गेले, त्याच्याच ओढीने आजही आपल्यातील अनेक कुटुंबे या वाटेने जातात. या अरण्यात चेंचू लोक राहतात. त्यांच्या लहान लहान वस्त्यांना ‘पेंटा’ म्हणतात. मध, डिंक आणि कंदमुळे गोळा करून पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला हा समाज आज सरकारने विशेष दुर्बल आदिवासी समूहांत गणलेला आहे. वाटेत मध विकणारी एखादी चेंचू स्त्री किंवा खांद्यावर धनुष्य घेतलेला वृद्ध दिसला की मोटार थांबते, चार-पाच हात खिडकीबाहेर येतात, चित्रे निघतात आणि मोटार पुढे जाते. त्या वृद्धाचे नाव कोणी विचारलेले नसते. सायंकाळपर्यंत त्याचे चित्र शेकडो अपरिचितांच्या हातात पोचलेले असते आणि त्याखाली कोणीतरी ‘अस्सल रानटी’ असे दोन शब्द लिहिलेले असतात.

आता यातील विसंगती पाहावी. चेंचूंच्या श्रद्धेप्रमाणे श्रीशैलचा देव हा त्यांचा ‘चेंचु मल्लय्या’, त्यांच्या मुलीशी विवाह केलेला जावई होय. अहोबिलमचा नरसिंह तर चेंचुलक्ष्मीचा पती म्हणून सर्वश्रुत आहे. संक्रांतीनंतर त्याची पालखी सुमारे ४० दिवस भोवतालच्या गावांतून फिरते, ती आपल्या विवाहोत्सवाचे आमंत्रण देण्यासाठी, असे तेथील लोक मानतात. म्हणजे देव स्वतः पालखीत बसून ज्यांच्या दारी आमंत्रण घेऊन जातो, त्यांच्या दारावरून आपण त्याच देवाचे भक्त म्हणून जातो आणि मोटारीतून न उतरताच त्यांचे रूप घेऊन जातो. आपल्या लेकीच्या सासरी कोणी असे वागला तर त्यास आपण काय म्हणू?

या प्रश्नाचा विचार करताना मला एक साधन घरातच सापडले. माझे वडील पुजारी आहेत. गाभाऱ्यात छायाचित्र घेऊ नये हा नियम बहुतेक देवळांत आहे, आणि तो सांगण्याचे अप्रिय काम पुजाऱ्याकडेच येते. एकदा दूरगावाहून आलेल्या एका गृहस्थाने फार काकुळतीने विनवले, “आई अंथरुणाला खिळली आहे, तिला दाखवण्यापुरते तरी घेऊ द्या.” वडिलांनी आईसाठी तीर्थ आणि अंगारा बांधून दिला, पण चित्र घेऊ दिले नाही. मग शांतपणे म्हणाले, “येथे तुम्ही देवाला बघता तेव्हा देवही तुम्हांला बघतो. यंत्र डोळ्यापुढे धरलेत की बघणारे तुम्ही एकटेच उरता.” त्या गृहस्थाचे समाधान झाले की नाही, हे मला सांगता येत नाही, आजारी आईचा विचार करता मलाही तो नियम त्या दिवशी कठोर वाटला होता. परंतु वडिलांच्या त्या बोलण्यात दर्शन या शब्दाचा सगळा अर्थ आला आहे. दर्शनात दोन बाजू असतात. पाहणारा पाहिलाही जातो, आणि पाहिला जात असल्यामुळेच तो विनम्र होतो, उत्तरदायी होतो.

याच नियमाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तीच देवता उत्सवमूर्तीच्या रूपाने पालखीत बसून रस्त्यावर येते तेव्हा चित्र घेणाऱ्यास सहसा कोणी अडवीत नाही. कारण तेथे देवता स्वतःच भेटीस निघालेली असते. जे आत ठेवले आहे ते आत ठेवण्याचा आणि जे बाहेर आणावयाचे ते आपल्या इच्छेने बाहेर आणण्याचा अधिकार ज्याचा त्याचा असतो. देवाच्या बाबतीत आपण हा अधिकार निमूटपणे मान्य करतो. मनुष्याच्या बाबतीत तो मान्य करताना मात्र आपण त्या मनुष्याची पायरी पाहतो, हे इतिहासावरून दिसून येते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. त्यांत हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींची शेकडो छायाचित्रे आहेत, आणि चित्रासोबतच्या मजकुरात त्या त्या जमातीच्या स्वभावाचा निवाडाही पुष्कळदा केलेला आहे : अमुक जात आज्ञाधारक, तमुक जात अविश्वासू. पुढे १८९० च्या सुमारास अंदमान बेटांवर पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याने तेथील मूळ रहिवाशांना चौकटी आखलेल्या पडद्यापुढे उभे करून त्यांची चित्रे घेतली. शरीराची मापे चित्रावरून काढता यावीत, हा त्यामागील उद्देश होता. अशा चित्रांत मनुष्य एखाद्या वाणाच्या नमुन्यासारखा उभा असतो.

त्याच दशकात आपल्या हैदराबादेत काय घडत होते? निजामाचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली. पडदानशीन स्त्रियांवर परपुरुषाची दृष्टी पडू नये म्हणून तिच्याभोवती उंच भिंती होत्या, आणि चित्रे घेण्याचे काम केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपविलेले होते. उमराव घराण्यातील स्त्रीने ‘माझे रूप कोणी, कोठे व कसे पाहावे हे मी ठरवीन’ असे म्हटले, तर तिच्या शब्दाखातर एक सबंध इमारत उभी राहिली. अरण्यातील स्त्रीही तोच मान मागण्यास पात्र होती. परंतु तिला कोणी विचारलेच नाही. लाज, मर्यादा आणि स्वत्व हे गुण सर्वांच्या ठायी सारखेच असतात. त्यांची कदर मात्र दर्जा पाहून होते. या लेखाचे सारे गाऱ्हाणे एवढेच आहे.

येथे कोणी म्हणेल की, छायाचित्रे घेतलीच नसती तर या लोकांची जुनी राहणी आज आपणांस कळली असती काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास आपल्याच प्रांतातील एक उदाहरण उपयोगी पडेल. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ १९३९ साली हिंदुस्थानात असताना महायुद्ध सुरू झाले. शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्यामुळे त्यांना निजामाच्या राज्यात राहणे भाग पडले. त्या सक्तीच्या मुक्कामात ते पत्नी बेटी यांच्यासह प्रथम चेंचूंमध्ये, मग गोदावरीकाठच्या डोंगरांतील कोंडा रेड्डी लोकांत आणि नंतर आदिलाबादच्या राजगोंडांत जाऊन राहिले. त्यांचा चेंचूंवरील ग्रंथ १९४३ मध्ये, रेड्डींवरील १९४५ मध्ये व राजगोंडांवरील १९४८ मध्ये निघाला. त्यांनी घेतलेली हजारो छायाचित्रे आज लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेच्या संग्रहात आहेत. तेथे ते पुढे प्राध्यापक होते.

ते गोंडांत गेले तो काळ साधा नव्हता. जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी उठलेला कोमाराम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला होता. ज्या सरकारने गोळी घातली त्याच सरकारचा पाहुणा व पुढे सल्लागार असलेला गोरा मनुष्य कॅमेरा घेऊन गावात आला, तर कोणता गोंड त्यास ‘नको’ म्हणू शकला असता? तेव्हा हायमेनडॉर्फांच्या चित्रांमागील अनुमतीही निखळ होती, असे म्हणवत नाही. परंतु चित्र घेतल्यानंतर ते निघून गेले नाहीत. मार्लवाई या गावी ते राहिले, गोंडी शिकले, सरकारला गोंडांची गाऱ्हाणी कळविली. जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळावेत म्हणून खटपट केली, मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडी भाषेत वाचनाची पुस्तके झाली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांपुढे बसून त्यांची गाऱ्हाणी ऐकावयाची, हा दरबार त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाला व आजही भरतो. पुढे वृद्धपणी ते पुन्हा या भागात आले, तेव्हा मिळालेल्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्याचे त्यांना दिसले, आणि १९८२ च्या ग्रंथात त्यांनी ते स्पष्ट शब्दांत लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. बेटी १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला निवर्तले, आणि पुढे त्यांच्या अस्थीही तेथेच आणल्या गेल्या.

या मनुष्यास संत ठरविण्याचा माझा हेतू नाही. तो राज्यसत्तेचा माणूस होता, आणि त्याची चित्रे आज ज्यांची आहेत त्यांच्यापासून सातासमुद्रांपलीकडे आहेत. तरीही त्याच्या आणि मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्याच्या वागण्यात जो भेद आहे, तो कलेचा नसून ऋणाचा आहे. आपल्या शास्त्रांनी मनुष्य जन्मतःच देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊन येतो, असे सांगितले. म्हणजे जे आपणांस न मागता मिळाले त्याचीही परतफेड करावयाची असते, असा हा विचार आहे. मग जे आपण हात पुढे करून घेतले त्याची किती अधिक! दुसऱ्याचे रूप घेणे हे ऋण घेणे आहे. हायमेनडॉर्फांनी ते घेतले, ते आपल्यावर आहे हे ओळखले आणि जन्मभर थोडेथोडे फेडीत राहिले. खिडकीतल्या हाताला आपण काही घेतले आहे, हेच ठाऊक नसते.

‘आम्ही दहा रुपये दिले, तो हसून उभा राहिला, मग झाले की’, असा दुसरा आक्षेप येतो. ज्याच्या घरी रात्रीचे धान्य नाही त्याच्या हसण्याचा अर्थ लावताना जरा भ्यावे. २०१२ साली अंदमानातील जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात नाचावयास लावल्याची चित्रफीत उघडकीस आली, तेव्हा देशभर संताप झाला. त्याच वर्षी तेथील आदिवासींच्या संरक्षणाचे १९५६ चे नियमन सुधारून, राखीव क्षेत्रात शिरून चित्रे घेणे दंडनीय करण्यात आले. पण त्या चित्रफितीतही ‘मोबदला’ दिलेलाच होता. भुकेने दिलेली अनुमती ही अनुमती नव्हे, हे त्या बेटावर आपणांस कळले. ते नल्लमलाच्या रस्त्यावरही कळावयास हवे.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आपणांस या लोकांची ‘जुनी राहणी’ पाहावयाची असते. चेंचू वृद्धाच्या अंगात सदरा असला, कनवटीला शिधापत्रिका असली, हातात फोन असला, की आपला विरस होतो. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने तेथील मूळ जमातींवर १९०७ ते १९३० या काळात २० खंड काढले. मोठ्या परिश्रमाचे व प्रेमाचे काम होते ते. परंतु त्याच्या एका चित्रात राहुटीत बसलेल्या दोन पुरुषांच्या मधोमध एक घड्याळ होते, ते त्याने छापताना पुसून टाकले. घड्याळ त्या माणसांचे होते. पुसण्याची इच्छा पाहणाऱ्याची होती. आपल्याही मनात असे एक घड्याळ पुसणारे बोट असते. उद्या कोणी परदेशी प्रवासी गोदावरीच्या घाटावर संध्या करणाऱ्या पुरोहिताचे चित्र घेऊन त्याखाली ‘नामशेष होत चाललेली जमात’ असे लिहील, आणि त्याच्या पिशवीतील फोन पुसून टाकील, तर आपणांस कसे वाटेल? आपण म्हणू, “अहो, आम्ही जिवंत आहोत, आमची मुले शाळेत जातात, आम्हांला जे विचारावयाचे ते समोर बसून विचारा.” चेंचूही हेच म्हणेल, फक्त त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी आपली मोटार निघून गेलेली असते.

मग कॅमेराच वाईट काय? तसे म्हणता येत नाही. दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या गोंड गावांत दंडारीचा उत्सव असतो. मोरपिसांचा भव्य मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. मार्लवाईचेच कनक राजू यांनी ही विद्या जन्मभर जतन केली आणि शिकविली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते वारले. त्या नृत्याची चित्रे आज गोंड तरुण स्वतःच घेतात, एकमेकांस पाठवितात, आणि त्यांत त्यांना अभिमान वाटतो. ही झाली पालखीत बसून बाहेर आलेली देवता. परंतु त्याच गोंडांच्या पेर्सा पेन या कुलदेवाची प्रतीके, म्हणजे भाल्याचे लोखंडी टोक आणि चवरी, ही वर्षभर नजरेआड ठेवलेली असतात व ठरलेल्या पूजेसच बाहेर निघतात. तो त्यांचा गाभारा होय. पौष अमावास्येस केसलापूरच्या जत्रेत मेस्राम कुळातील नववधूंना नागोबापुढे नेऊन त्यांची देवाशी ओळख करून देतात. त्या विधीस ‘भेटिंग’ म्हणतात. आपल्या ‘भेट’ या शब्दाचेच हे नाते आहे, हे मराठी कानास सांगावयास नको. भेट म्हटली की दोघांनी एकमेकांना पाहिले असले पाहिजे. त्या वधूंची भेट नागोबाशी असते, आपल्याशी नसते.

तेव्हा माझ्या अल्प बुद्धीस जे योग्य वाटते ते असे. चित्र घेण्यापूर्वी नाव विचारावे व आपले सांगावे. नकार आला तर तो देवळातील नियमाप्रमाणे निमूटपणे मानावा. लहान मुले, घराचा अंतर्भाग आणि देवस्थान यांच्याकडे यंत्र वळवू नये. चित्र घेतलेच तर त्याची छापील प्रत त्या मनुष्याच्या हाती पोचविण्याची व्यवस्था करावी. श्रीशैलास जाणारा कोणी ना कोणी यात्रेकरू दर महिन्यास असतोच. आणि जेथे प्रत पोचविणे शक्य नाही, तेथे चित्र घेऊ नये. हा शेवटचा नियम कडक आहे, हे मी जाणतो. तो पाळला तर आपल्यातील पुष्कळांच्या संग्रही एकही चित्र राहणार नाही, आणि काही सुंदर क्षण कायमचे निसटतील. परंतु गाभाऱ्यातून आपण दररोज चित्रावाचूनच परततो, आणि म्हणून रिकाम्या हाताने परतलो असे कोणास वाटत नाही.

यंदा शिवरात्रीस पुष्कळजण श्रीशैलाच्या वाटेस लागतील. अरण्यात कोणी चेंचू दिसला आणि मोटार थांबवावीशी वाटली, तर अवश्य थांबवावी. खाली उतरावे, नमस्कार करावा, मध घ्यावयाचा असेल तर रास्त दराने घ्यावा, आणि तो आपल्याकडे क्षणभर पाहील तेव्हा त्याच्या दृष्टीस दृष्टी द्यावी. मल्लिकार्जुनाचे दर्शन तेथूनच सुरू होते.